बाबागाडीची आंघोळ

मागच्या गुरुवारची गोष्ट. ऑफिसातून घरी आलो, बूट काढले आणि दारातच नाक वर झालं. घरात कसला तरी वास येत होता. आंबट, कुबट, म्हणजे नासलेलं दूध आणि ओलं पायपुसणं यांचं लग्न लावलं तर जसा येईल तसा. बायको म्हणाली, "मला वाटलं फ्रीज." फ्रीज निर्दोष निघाला. कचऱ्याचा डबा निर्दोष. शेवटी वासाचा माग काढत आम्ही दोघं दारामागे उभ्या केलेल्या बाबागाडीपाशी पोचलो. नाक जवळ नेलं आणि तितक्याच वेगाने मागे घेतलं.

आमची लेक अकरा महिन्यांची आहे. तिला सांभाळायला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एक मावशी येतात. लातूरकडच्या, पन्नाशीच्या. आम्ही दोघंही आयटीत, त्यामुळे आमचं घर खरं तर त्याच चालवतात. शुक्रवारी सकाळी त्या आल्या तेव्हा मी कॉलवर जायच्या घाईत होतो. जाता जाता बोललो, "मावशी, गाडीत दूध सांडलं तर लगेच पुसत जा ना. केवढा वास येतोय बघा." त्या नुसत्या "बरं दादा" म्हणाल्या. विषय संपला. म्हणजे मला तरी असं वाटलं.

शनिवारी मी बाह्या सरसावल्या. आता हे सगळं करताना जे शिकलो ते क्रमवार सांगतो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बाबागाडी आहे त्यांना कामाला येईल. ज्यांच्या घरी नाही त्यांनी हसून घ्या, तुमचीही वेळ येईल.

पहिलं काम, सीटच्या कापडाला शिवलेला बारीक लेबलचा तुकडा शोधणे. त्यावर शर्टावर असतात तसली चित्रं असतात. पाण्याच्या टबात ३० लिहिलेलं म्हणजे पाणी ३० अंशांपेक्षा गरम नको. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनातल्या गोलावर फुली म्हणजे ड्रायर नको. आमच्या गाडीवर तिन्ही होती. बऱ्याच गाड्यांचं कापड पॉलिएस्टरचं असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ थर असतो. जास्त उष्णतेने तो थर सुटायला लागतो आणि मग पापुद्रे निघतात.

दुसरं काम, फोटो. काहीही सोडवण्याआधी पुढून, मागून, खालून फोटो काढायचे. मी काढले. पुढून आणि खालून. मागचे राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मग सीट उपसली. त्यातून जे निघालं त्याची यादी अशी: बिस्किटांचा चुरा, काळं पडलेलं केळं, नाचणीच्या खिरीचे सिमेंटसारखे झालेले ठिपके, एक मोजा, आणि बायकोने महिनाभर शोधलेला केसांचा चाप. आणि सगळ्यात खाली, सीटच्या घडीत, दुधाच्या बाटलीचं झाकण.

झाकण हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो.

कारण ते झाकण मी ओळखत होतो. आदल्या रविवारी मी एकटा लेकीला घेऊन मॉलमध्ये गेलो होतो. बायकोला दोन तास झोप मिळावी म्हणून. मोठा पराक्रम. येताना झाकण सापडेना, म्हणून बाटली तशीच सीटच्या कडेला खुपसली, बाहेर धो धो पाऊस, पटकन गाडी घडी करून डिकीत टाकली आणि घरी आलो. झाकण मॉलमध्ये पडलं असं समजून नवीनही मागवलं. म्हणजे बाटली आडवी होऊन दूध सांडलं ते माझ्या हातून. पावसाने भिजलेली बाबागाडी बंद डिकीत रात्रभर ठेवली तीही मीच. वर "पुसत जा ना" सांगणारा शहाणाही मीच.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग मावशींना सांग." म्हटलं, सोमवारी सांगतो. आणि कामाला लागलो.

डाग काढायचं शास्त्र मात्र झकास आहे. दुधाच्या डागाला कधीही आधी गरम पाणी लावायचं नाही. दुधात प्रथिनं असतात, आणि उष्णतेने ती धाग्यात आणखी घट्ट बसतात. म्हणून आधी भरपूर गार पाणी. त्यानंतर कोमट पाण्यात एन्झाइमवालं लिक्विड डिटर्जंट. या एन्झाइम लोकांची कामं वाटून दिलेली असतात. प्रोटीएज दुधाची प्रथिनं तोडतं, अमायलेज नाचणीचा स्टार्च आणि लायपेज तूपतेल. त्यांना ताकद नको, वेळ हवा. मी आधी पाच मिनिटं ब्रशने घासघास घासलं, फायदा शून्य. अर्धा तास नुसतं भिजत ठेवलं आणि खिरीचे ठिपके आपोआप सुटले. ब्रश मऊ घ्या, जुना टूथब्रश उत्तम. आणि शेवटी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने खळबळून काढा, कारण मुलं हेच कापड चघळतात. सुवासिक स्प्रे मारून वास झाकायचा मोह झाला होता, तो याच कारणाने आवरला.

पाठीमागे काळे बारीक ठिपके दिसले, म्हणजे बुरशी. ती घरात झटकायची नाही, घरभर उडते. ड्राय बाल्कनीत नेऊन ओल्या फडक्याने टिपली, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून लावलं. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र ओतून येणारा फेस फक्त बघायला छान असतो. दोघं एकमेकांना मारून टाकतात, डागाला कोणी हात लावत नाही.

पट्टे भिजवायचे नाहीत. खांद्यांचे दोन, कमरेचे दोन आणि पायांमधला एक, असे पाच टोकांचे पट्टे असतात. मुलाचा सगळा भार त्यांच्यावर. कडक रसायनांनी त्यांचे धागे कमजोर होऊ शकतात आणि वरून काही दिसत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसले की झालं. बक्कल कोमट पाण्याखाली धरून चेपत राहिलं की आतला चुरा निघतो. तेल घालायचं नाही, त्यावर धूळ चिकटते.

वाळवणं हे पुण्याच्या पावसाळ्यात वेगळं प्रोजेक्टच आहे. आतल्या फोमच्या गाद्या पिळल्या तर आकार जातो, म्हणून टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं. मग पंख्याखाली शनिवार, रविवार आणि अख्खा सोमवार. वरून कोरडं लागलं तरी फोम आत ओला असतो, आणि ओला असताना बसवला की आठवड्यात पुन्हा बुरशी.

फावल्या वेळात मी या गाडीचा इतिहास वाचला. घडीची हलकी बाबागाडी काढली ती ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज विमान अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांची पंखांत दुमडली जाणारी चाकं, त्या कामात हा माणूस होता. पुढे आजोबा झाल्यावर नातीची अवजड गाडी बघून त्याने तीच अक्कल इथे वापरली आणि १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. हे वाचून मी भलताच खूष. म्हटलं, शेवटी इंजिनिअरचंच काम!

सोमवारी मावशींना सांगायचं राहिलं. त्या आल्या तेव्हा मी कॉलवर, त्या गेल्या तेव्हाही कॉलवर. खरं सांगायचं तर मधे दोनदा पाणी प्यायला उठलो होतो. त्याच रात्री अकरानंतर गाडी जोडली. मागचे फोटो नव्हते, पण म्हटलं त्यात काय. चकाचक झाली. बायकोला वास घ्यायला लावला. आणि झोपलो.

मंगळवारी मी घरूनच काम करत होतो. मावशींनी फिरायला न्यायला गाडी बाहेर काढली. लेकीला आत ठेवण्याआधी त्यांनी एकेक पट्टा धरून ओढला. उजवा. मग डावा. आणि डावा पट्टा सरकन त्यांच्या हातात आला.

"दादा, ह्यो निघतोय बघा."

मी तो कापडातून ओवला होता, पण त्यामागच्या फळीतून ओवायचाच राहिला होता. मागची प्लॅस्टिकची पट्टी नुसत्या कापडाला अडकली होती. आमच्या बिल्डिंगमधून बाहेर पडायला पार्किंगचा चांगला उताराचा रॅम्प आहे. पोरगी पुढे झुकून कुत्री बघते. पुढचा विचार मी केला आणि तोंड कोरडं पडलं.

"मावशी, तुम्ही रोज असं ओढून बघता?"

"बघते की. लेकराला बसवायचं म्हटल्यावर बघायला नको?"

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही तर नाहीच. ऑफिसात मी ज्युनिअर मुलांना टेस्टिंगशिवाय कोड पुढे सरकवला म्हणून झापतो, आणि घरी रात्री अकराला जोडलेली गाडी न तपासता सकाळी पोरीसाठी ठेवून दिली.

तिथेच, हातात पट्टा धरून, सांगून टाकलं. "मावशी, ते दूध माझ्याकडून सांडलं होतं. झाकण आत सापडलं. मी उगाच तुम्हाला बोललो. चुकलं माझं."

त्या म्हणाल्या, "ठाव होतं मला. सोमवारीच वल्लं लागलं होतं. वरून पुसून घेतलं, आतलं मला काढता येईना."

"मग शुक्रवारी बोलला का नाहीत?"

त्या लेकीच्या पायात मोजा चढवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मागल्या घरी असंच उलटं बोलले होते, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणाले."

मला काही सुचलं नाही. म्हणजे त्या "बरं दादा"मध्ये चार दिवस त्या काय काय धरून बसल्या असतील, आणि मी इकडे एन्झाइम वाचत होतो. बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, इथे बोलायचं. याला तर नक्कीच बोलायचं." त्यावर त्या हसल्या, पण थोडंच. एका वाक्याने अशी भीती जात नाही, एवढं मलाही कळतं.

मग आम्ही तिघांनी मिळून पट्टे पुन्हा ओवले. खांद्याचे पट्टे वरच्या भोकांतून घ्यायला हवे होते, कारण पोरगी वाढली आहे आणि ते तिच्या खांद्यांच्या खाली जात होते. हेही मावशींनीच दाखवलं. या वेळी मागचे फोटो काढले. मग तिघांनी आळीपाळीने ओढून बघितलं.

आता नियम असा केलाय की गाडी जो जोडेल त्याने ती तपासायची नाही, दुसऱ्याने तपासायची. आणि बाटलीची जबाबदारी ज्याने बाहेर नेली त्याची. मावशींना तो नियम ऐकवला तर म्हणाल्या, "रविवारचं तेवढं तुम्ही बघा."

असो. आत्ताच आतून हाक आली आहे. खीर सांडली म्हणे. गार पाणी घेऊन निघतो.