हालेला जायचं आहे

आमच्या चर्चच्या मंडळीने जर्मनीला जायचं ठरवलं आणि चौकशीचं सगळं काम माझ्याकडे आलं. मी सानगडीची. नागपूर पाहिलेलं, मुंबईही पाहिलेली, पण विमानात कधी बसलेली नाही. पासपोर्टसुद्धा याच निमित्ताने काढला. पेस्टोरेट कमिटीच्या सभेत ज्याने त्याने आपल्या मनातली गावं सांगितली: विटेनबर्ग, आइसलेबेन, हायडेलबर्ग, बर्लिन आणि जमलंच तर रोम. घरी येऊन नकाशा उघडला, तर सुरुवात कुठून करावी हेच कळेना. उतरायचं कुठे, राहायचं कुठे, वयस्कर माणसांना रोज सामान उचलून गाडी बदलायला कसं लावायचं? एका प्रश्नाचं उत्तर शोधलं की दुसरे चार उभे राहायचे.

शेवटी मी पाळकसाहेबांनाच विचारलं, ‘आपण नेमकं कुणासाठी चाललोय?’ त्यांनी श्वार्त्झचं नाव घेतलं, आणि तिथून गुंता सुटायला लागला.

क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्त्झ १७२६ साली प्रशियात जन्मला, हालेच्या विद्यापीठात शिकला आणि १७५० साली मिशनरी म्हणून तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरला. पुढे तो तंजावरला राहिला. तिथे भोसल्यांचं राज्य होतं, म्हणून तो तमिळबरोबर मराठीही शिकला. तुळजाराजांचा त्याच्यावर इतका विश्वास, की १७८७ साली मृत्यू जवळ आला तेव्हा दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजीची काळजी त्यांनी त्याच्यावर सोपवली. गादी तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. सरफोजीचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्त्झने कंपनी सरकारकडे त्याची बाजू लावून धरली. त्याला मद्रासला हलवलं, शिकवलं. १७९८ साली सरफोजी राजा झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत श्वार्त्झ वारला होता. राजाने लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या गुरूचा हात हातात घेतलेला सरफोजी त्यात कोरलेला आहे. सरफोजी शेवटपर्यंत हिंदू राहिला आणि श्वार्त्झला शेवटपर्यंत वडिलांसारखा मान देत राहिला. ज्याचं सरस्वती महाल ग्रंथालय आजही नावाजलं जातं, तो हाच राजा.

ही गोष्ट महिला मंडळात सांगितली तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘आपल्या भोसले राजाचा गुरू तिथून आला, मग तेच गाव पाहू.’ बाकीची शहरं मुक्कामाच्या यादीतून गेली.

हाले हे गाव साले नदीकाठी आहे. जर्मनीत याच नावाचं दुसरं गाव वेस्टफालियात आहे, म्हणून तिकीट आणि खोल्या पाहताना ‘हाले (साले)’ असंच बघावं लागतं. विद्यापीठ १६९४ सालचं. १५०२ साली स्थापन झालेलं विटेनबर्गचं विद्यापीठ, जिथे मार्टिन ल्यूथर शिकवत असे, ते १८१७ साली यातच विलीन झालं. आउगुस्ट हेर्मान फ्रांके या पाळकाने गरीब मुलांसाठी इथे शाळा काढली आणि १६९८ साली अनाथालयाच्या मोठ्या इमारतीचा पाया घातला. हालेत शिकलेला मिशनरी त्सिगेनबाल्ग १७०६ साली तरंगंबाडीला आला, तमिळ शिकला आणि त्याने नवा करार तमिळमध्ये छापला. फ्रांकेच्या संस्थेत भारतातून गेलेली ताडपत्रं आणि वस्तू आजही जपून ठेवल्या आहेत. चौकातल्या मार्क्टकिर्शे या चर्चमध्ये ल्यूथरने उपदेश केला होता. १५४६ साली आइसलेबेनला तो वारल्यावर त्याचा देह विटेनबर्गला नेताना वाटेत हालेत ठेवला होता. त्याच्या चेहऱ्याचा साचा याच चर्चमध्ये पाहायला मिळतो.

मुक्काम एकच ठरला आणि बाकीचं आपोआप जागेवर बसत गेलं. आइसलेबेन आणि विटेनबर्ग दोन्ही साक्सन-आनहाल्ट राज्यातच असल्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या साध्या गाड्यांसाठी पाच जणांपर्यंत एकच दिवसाचं तिकीट मिळतं, म्हणून पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येक गटात एक तरुण.

तारखेवरून मात्र बरीच चर्चा झाली. ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस ३१ ऑक्टोबर. विटेनबर्गला तो दिवस गाठावा अशी सगळ्यांची इच्छा. पण तेव्हा आमच्याकडे धानाची कापणी असते. जुलैत रोवणी सोडून कोणी निघणार नाही. जूनच्या सुमाराला हालेत हेंडेल या संगीतकाराचा उत्सव भरतो, तेव्हा खोल्या मिळणं अवघड. म्हणून सप्टेंबर धरला. रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि बहुतेक संग्रहालयं सोमवारी. म्हणून रविवार उपासनेसाठी ठेवला आणि फ्रांकेची संस्था मंगळवारी.

सर्वात जास्त दिवस गेले ते कागदपत्रांत. गट एक असला तरी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा, आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाने स्वतः जायचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि परतल्यानंतरही पासपोर्टला तीन महिने तरी मुदत उरायला हवी. आमच्या वडीलधाऱ्यांची नावं आधारवर एक, बँकेत दुसरी आणि सातबारावर तिसरी. आधी ती जुळवा, मग पासपोर्ट, मग बाकीचं, हा क्रम मी आता प्रत्येक नवख्या मंडळीला सांगते.

तरी एक प्रश्न उरलाच. एवढा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. व्हिसाचं शुल्कच माणशी ९० युरो, मग विमान, मुक्काम, विमा. ज्यांनी आयुष्यभर मंडळीच्या कामाला हात लावला, तीच माणसं मागे राहणार हे मला पटेना. हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने आपल्या देशातच आहे, आणि तिथे पासपोर्ट लागत नाही. तंजावरच्या चर्चमध्ये फ्लॅक्समनचं शिल्प आहे, तरंगंबाडीला १७१८ सालचं न्यू जेरुसलेम चर्च आणि त्यातच त्सिगेनबाल्गची कबर. कमिटीने हे मान्य केलं: फेब्रुवारीत सगळी मंडळी रेल्वेने तंजावरला आणि पुढे तरंगंबाडीला जाईल, आणि ज्यांना जमेल ते सप्टेंबरात हालेला. जर्मनीसाठी जमलेल्या निधीतून आधी तंजावरची तिकिटं निघतील.