मूठ आणि पातं

आजोबांची कोयती माझ्या हातात बसत नाही. तिच्या खैराच्या मुठीला, अंगठा टेकतो त्या जागी, एक उथळ खळगा पडला आहे. वर्षानुवर्षांच्या दाबाने लाकूड तिथे झिजून शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं गुळगुळीत झालंय. माझा अंगठा त्या खळग्यात ठेवला तर तळहात मुठीवरून सुटतो, आणि तळहात बसवला तर अंगठा खळग्याच्या अलीकडेच राहतो. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा हात केवढा होता हे ती मूठ अजून सांगते.

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात बागेत जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी असायची आणि आकडीत कोयती. तिला उघडणं नाही, मिटणं नाही. हात मागे गेला की मूठ हातात येते आणि पुढच्या क्षणी झावळ तुटून खाली. आठ-नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा ती कोयती उचलली, तेव्हा मोठ्या माणसांचं पाहून पात्यावर अंगठा फिरवायला गेले. आजोबांनी माझं मनगट धरलं. "चेडवा, धार मगे बघ. आदी मूठ धर."

तेव्हा वाटलं, मला कापू नये म्हणून म्हणाले असतील. पुढे स्वयंपाकघरात, बागेत आणि प्रवासात बऱ्याच सुऱ्या-चाकू हाताखालून गेले, तेव्हा कळलं की ते शब्दशः खरं बोलत होते. धार गेली तर दगडावर पुन्हा लावता येते. मूठ मुळातच चुकलेली असेल तर कितीही घासा, तो चाकू शेवटपर्यंत परकाच राहतो. जग मात्र पात्याकडेच बघतं. आपल्याकडच्या हत्यारांच्या नियमांतही पात्याचंच माप आहे: ९ इंचांहून लांब आहे का, २ इंचांहून रुंद आहे का, हे बघायचं, आणि घरकामाची व शेतीची अवजारं त्यातून वगळायची. मुठीला कुणी टेप लावत नाही.

चांगली मूठ गोल नसते. लाटण्यासारखी गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे हे दर वेळी डोळ्यांनी बघून घ्यावं लागतं. थोडी चपटी, अंडाकृती मूठ असली की बोटांना न बघता कळतं. तिन्हीसांजेला गोठ्यात गवत कापतानाही कळतं. मधे जरासं पोट हवं, म्हणजे तळहाताची पोकळी भरते आणि आवळायला जोर लागत नाही. कोयतीच्या मुठीला शेवटी चोचीसारखा एक वळसा असतो. घामाने हात निसरडा झाला आणि घाव जोराचा असला, तरी करंगळी त्या वळशात अडकते आणि कोयती उडून जात नाही. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू मी पाहिले आहेत. त्यांची जुन्या घडणीची लाल रंगवलेली बर्चची मूठही अशीच मधे फुगीर, दोन्ही टोकांना उतरती. तिला बोटांसाठी खाचा नाहीत, आणि त्यातच तिचं शहाणपण आहे. खाचा पाडल्या की कारागिराने आपल्याऐवजी ठरवून टाकलं की हात इथेच धरायचा. लाकूड तासणारा माणूस मात्र तासाभरात दहा वेळा पकड बदलतो. दुकानात बोटांच्या आकाराच्या खाचा असलेली रबरी मूठ हातात घेतली की क्षणभर फार छान वाटतं. दोन किलो कैऱ्या चिरून झाल्यावर तर्जनीच्या मुळाशी फोड येतो, तो त्या छानपणाचाच.

अखंड, न मिटणाऱ्या सुरीच्या मुठीला एवढी मोकळीक मिळते, कारण तिला एकच काम असतं: हातात बसायचं. घडीच्या चाकूच्या मुठीला दोन कामं असतात. चाकू उघडा असेल तेव्हा ती मूठ, मिटला की तीच म्यान. पातं आत झोपवायचं तर पोटातून आरपार खाच हवी, खाच आली की भिंती पातळ झाल्या, आणि खिशात जायचं म्हणजे फुगीर पोटही परवडत नाही. म्हणून बहुतेक घडीचे चाकू हातात धरले की आत काहीतरी पोकळ असल्यासारखं वाटतं. खाचेच्या दोन कडा तळहाताला टोचतात. हा कारागिराचा आळस नव्हे; एका वस्तूकडून दोन वस्तूंचं काम करून घेतल्याची ती किंमत आहे, आणि ती किंमत कोण किती कमी करतो यातच घडीच्या चाकूची सगळी कला आहे.

आपल्या भाषेत डोळ्याचंही पातं लवतं आणि चाकूलाही पातंच असतं. घडीचा चाकू मिटताना मला हे दर वेळी आठवतं. कोयती म्हणजे कधीच डोळा न मिटणारं जनावर. घडीचा चाकू झोपतो, म्हणून तो माणसांत, खिशात, देवाला जायच्या पिशवीतसुद्धा राहू शकतो.

माझ्याकडचा घडीचा चाकू फ्रान्सचा आहे, ओपिनेल, ८ नंबरचा. ग्रेनोबलला शिकायला गेलेल्या मावसभावाने आणून दिला. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, मुठीच्या तोंडाशी एक फिरती लोखंडी कडी. इतका साधा की पहिल्यांदा पाहिल्यावर हे काय मोठं, असं वाटलं. हातात घेतला आणि मत बदललं. त्याची मूठ भरलेली लागते. स्विस सैनिकी चाकूसारखी ती दोन बाजूंच्या पट्ट्या पाठीच्या स्प्रिंगवर ठोकून केलेली नाही. अखंड लाकडाला एकच खाच पाडली आहे, आणि तीही पाठीपर्यंत आरपार नेलेली नाही. त्यामुळे पाठीकडचं लाकूड शाबूत राहतं आणि तळहाताला घडीचा चाकू धरल्याचं जाणवतच नाही.

त्याची कूळकथा वाचली तेव्हा याचं कारण उमगलं असं वाटलं. आल्प्सच्या कुशीतल्या सव्हॉय प्रांतात, सँ-झाँ-द-मोरिएनजवळच्या एका खेड्यात, ओपिनेलांचं घर अवजारं बनवणाऱ्या लोहारांचं. वडील कुऱ्हाडी आणि झाडं सवळायचे वाकडे कोयते घडवायचे. १८९० साली त्यांच्या जोसेफ नावाच्या मुलाने, वय अवघं अठरा, पहिला खिशातला चाकू केला. वडिलांना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. १८९७ पर्यंत १ ते १२ अशा बारा मापांचे चाकू तयार झाले होते. लाकडात नेमकी खाच पाडायचं यंत्रही जोसेफने स्वतः जुळवलं. म्हणजे घडीचा हा चाकू कोयतेवाल्यांच्या घरात जन्मला. ज्याने लहानपणापासून अखंड लाकडाची मूठ हातात धरली, त्याला पोकळ मूठ सहन झाली नसणार, असं मी आपलं मनाशी धरून बसले आहे.

त्याच्या पात्यावर मुकुट घातलेल्या हाताचा शिक्का आहे. जोसेफने तो १९०९ मध्ये निवडला. मुकुट सव्हॉयच्या जुन्या सरदारकीचा, आणि आशीर्वाद देणारा हात सँ-झाँ-द-मोरिएन गावच्या मानचिन्हातला. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष असल्याची श्रद्धा आहे. मला त्या श्रद्धेशी काही देणंघेणं नसलं, तरी चाकूच्या खुणेसाठी पात्याऐवजी हात निवडला गेला, हे फार आवडतं.

ती लोखंडी कडी १९५५ ची, मार्सेल ओपिनेल यांनी लावलेली. तोवर उघडलेलं पातं फक्त लाकूड आणि खिळ्याच्या घर्षणावर उभं राहायचं. चुकून पाठीवर दाब आला की पातं बोटांवर मिटायचं. कडी फिरवली की पात्याचा परतीचा रस्ता बंद. मिटलेल्या चाकूलाही तीच कडी लावून पातं आत कोंडून ठेवायची सोय फार पुढे, २००० सालाच्या सुमारास झाली. रामपुरी चाकूचा तो प्रसिद्ध खटकाही याच कामासाठी. फरक इतकाच की खटका ऐकवण्यासाठी असतो आणि कडी मुकाट्याने काम करते. मला मुकाट्याने काम करणारी बरी वाटते.

पण हा चाकू कोरड्या डोंगरहवेत जन्मला आणि मी त्याला कोकणात आणलं. पहिल्याच जुलैत तो उघडेना. बीचचं लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि खाच आवळली की पातं चिमटीत धरल्यासारखं अडकतं. नखासाठी पात्यावर कोरलेली खाच आहे, तिथे नख घालून ओढलं तर नख तुटायची वेळ आली. नंतर कळलं की यावर तिथे एक जुनी युक्ती आहे, तिला सव्हॉयवाल्याचा ठोका असंच नाव आहे. मिटलेल्या चाकूचं मागचं टोक कठीण जागेवर नेमकं आपटायचं, की पातं आपसूक किंचित बाहेर येतं. मी दगडी उंबऱ्यावर पाच-सहा वेळा आपटून पाहिलं. मुठीला पोचा आला, पातं हललं नाही. शेवटी दोन दिवस चुलीच्या उबेला ठेवला आणि मग जवसाचं तेल पाजलं. दर उन्हाळ्यात पाजते. त्याने फुगणं कमी होतं, थांबत नाही.

दुसरी चूक फणसाची. खोबरेल तेल हाताला आणि पात्याला लावून मी ओपिनेलने फणस फोडला. मूठ तेलकट झाली, तरी धरता आली. चीक मात्र सांध्यात उतरला आणि कडी तिथेच चिकटून बसली. अर्धी दुपार तेल आणि चिंध्या घेऊन काढली. फणस, नारळ, कोंबडी, मासे, जिथे चिकट, ओलं किंवा रक्ताचं काही आहे, तिथे बिजागरीच्या चाकूला नेऊ नये हे माझं पक्कं मत आहे. कैरीचं वेगळं. त्या पात्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असल्याने आंबट रसाने ते निळसर काळं पडतं, आणि कैरीची फोडही किंचित काळवंडते. जुन्या लोखंडी विळीवर चिरलेल्या कैरीचा तोच रंग, तोच लोखंडाचा वास. आजीची विळी पायाखाली धरून चिरायची वस्तू. तिला मूठच नाही, किंवा चिरणाऱ्या बाईचं सगळं अंग हीच तिची मूठ.

चाकूची घडण बघायची तर पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे बघावी. घडीच्या चाकूत ती भेट उघड्यावर असते. पातं उघडून बाजूला हलवून बघा, डुगडुगलं तर खिळा सैल. उजेडाकडे धरून मिटताना बघा, टोक एका भिंतीला घासत असेल तर खाच तिरकी. अडकित्ता विकत घेताना जुनी माणसं हेच करायची; दोन्ही पाय उघडून, कानाशी नेऊन, सांधा काय बोलतो ते ऐकायची. अखंड सुरीत ती भेट मुठीच्या आत, अंधारात असते, आणि तिथेच ती फसवते. पात्याच्या पाठीवर नखाने टिचकी मारली आणि आवाज बद्द आला, तर आत काहीतरी सुटलेलं असतं. मुठीच्या तोंडाशी केसाएवढी फट दिसली तर तिथून पाणी आत गेलेलं असतं, आणि आतला गंज फुगून एक दिवस लाकूड चिरतो. घडीचा चाकू आपला दोष सांगत राहतो. अखंड सुरीवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, म्हणून तिची फट मला जास्त भिववते.

आजोबांच्या कोयतीला तशी फट पडली. गेल्या श्रावणात मूठ तोंडाशी उभी चिरली, आणि तो खळगा असलेली मूठ काढावी लागणार हे उघड झालं. पावसात छत्री धरून लोहारकाकांच्या शाळेवर गेले. लोहाराच्या भट्टीच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. त्यांनी दोन ठोक्यांत मूठ उतरवली. आत शिरलेलं लोखंड गंजाने खाऊन पेन्सिलीएवढं उरलं होतं. ते कानसून त्यांनी उजेडाला धरलं. "अजून धरतला," म्हणाले.

मग पात्याचं पाणी उतरू नये म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि फक्त ते शेपूट निखाऱ्यात घातलं. खैराचा नवा तुकडा त्यांनी आधी माझ्या हातात दिला. "मूठ आवळ. डावखुरी नाय मां?" मी नाही म्हटलं. माझ्या अंगठ्याची जागा नखाने खुणावून त्यांनी तिथलं लाकूड जेमतेम पापुद्र्याएवढं तासलं, तुकडा पुन्हा हातात दिला, पुन्हा तासलं. असं चार वेळा. लाल झालेलं लोखंड लाकडात शिरताना चरचर आवाज झाला आणि खैराचा कडवट धूर शाळाभर पसरला. लोखंड आपली जागा स्वतः जाळून करत होतं.

निवेपर्यंत वेळ होता. जुनी मूठ मी दोरीने बांधून घेतली आणि उरलेली दोरी कापायला ओपिनेल काढला. तो नेहमीसारखा फुगून बसला होता. लोहारकाकांनी न विचारता माझ्या हातातून घेतला, उलटसुलट केला, खाचेतून एका डोळ्याने आत बघितलं, कडी फिरवून बघितली. "ह्यो फुगलो," म्हणाले. मग मिटलेल्या चाकूचं बूड ऐरणीच्या कडेवर एकदाच, फार जोराने नाही, आपटलं.

पातं दोन बोटं बाहेर आलं.

त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि कोयती निवली का ते बघायला वळले.