अब्बांचा डावा पाय

आम्ही लहान असताना अब्बा रात्री दुकान बंद करून घरी आले की आमची एक ठरलेली कामगिरी असे. अब्बा चटईवर पालथे पडत आणि आम्ही तिघं भावंडं पाळीपाळीनं त्यांच्या पोटऱ्यांवर उभं राहून पाय तुडवत असू. सोलापुरात अब्बांचं शिलाईचं दुकान. दिवसभर पायमशीन चालवून पोटऱ्या दगडासारख्या होत. "और जोर से," अब्बा म्हणत. मग प्रत्येकाला चार आणे मिळत. आई-वडिलांचे पाय दाबणं म्हणजे खिदमत, असं अम्मीनं शिकवलेलं. खिदमत म्हणजे जोर, अशी समजूत आमची आम्हीच करून घेतली.

आमच्यातला थोरला यंत्रमागावर कामाला आहे, धाकटी बहीण याच शहरात दिलेली आणि मधला, म्हणजे हे लिहिणारा, बी.एड. होऊन उर्दू शाळेत शिक्षक. पण जे झालं ते तिघांच्या हातून झालं, म्हणून 'आम्ही'च लिहितो.

जानेवारी 2023. फजरची नमाज पढून अब्बा मशीनवर बसले आणि डावा पाय पायडलवरून खाली घसरला. तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं. उर्दूत फालिज, मराठीत अर्धांगवायू, गल्लीत लकवा. तीन भाषांतले तीन शब्द आम्हांला ठाऊक होते. करायचं काय, हे एकातही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं दम करून आणा. दम करून आणला, पाणी पाजलं, झोपवलं. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमचे सहा तास गेले होते. दुआ गाडीत बसूनही करता आली असती, हे आम्हांला नंतर सुचलं.

पहिले काही आठवडे पाय चिंधीसारखा लुळा होता. मार्चमध्ये तो ताठ होऊ लागला. गुडघा वाकेना, टाच वर ओढली गेली, पाऊल आत वळलं. आम्हांला आनंद झाला. वाटलं, पायात जोर परत येतोय! आणि जोर म्हटल्यावर आम्ही मालिशीला लागलो.

गल्लीनं उपाय सांगितले. पारव्याचं रक्त चोळा, हा सर्वांत आधी. अब्बांनी उजवा हात वर केला. अडखळत म्हणाले, "खून नापाक है रे. वो लगाके नमाज कैसी पढूं?" विषय संपला. मग तिळाचं तेल आलं, लसूण घालून कढवलेलं. थोरला यंत्रमागावरचा, त्याचे हात म्हणजे पक्कड. तो भराभरा चोळायचा तसा पाय आणखी ताठ व्हायचा, कधी पाऊल थडथड उडायचं. आम्ही म्हणायचो, बघा, हालचाल येतेय! एका रात्री शेकायला गरम विटकर फडक्यात गुंडाळून पोटरीखाली ठेवली. अब्बा काही बोलले नाहीत. बोलणार कसे? त्या पायाला चटका कळतच नव्हता. सकाळी तळहाताएवढा फोड आलेला. तो भरायला तीन आठवडे गेले. त्यातच रमजान सुरू झाला. अम्मी सहरीला उठायची, तेव्हा आधी पट्टी बदलायची.

मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. अब्बांना 'चाचा' म्हणायची. आमचं चोळणं तिनं दोन मिनिटं पाहिलं आणि थोरल्याचा हात धरून थांबवला. म्हणाली, "हा ताठरपणा म्हणजे ताकद नाही. स्नायूंना आवर घालणारा मेंदूचा हुकूम तुटलाय. जितक्या वेगानं ताणाल, तितका स्नायू जास्त अडेल. घाई करू नका."

तिनं शिकवलं ते असं. आधी पाय नीट पाहायचा. पोटरी सुजलेली, लाल, गरम किंवा दुखरी असेल तर हात लावायचा नाही, थेट डॉक्टर. आत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तसं काही नसेल तर तेलाचे चार थेंब, तेही हात सरकावा एवढ्यापुरते. मग सबंध तळहातानं, घोट्याकडून मांडीकडं, सावकाश, दहा-पंधरा मिनिटं. पाय सैलावला की टाच तळहातात घ्यायची, गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूहळू नडगीकडं दाबायचं आणि अर्धा मिनिट तसंच धरायचं. शेकायचं असेल तर आधी स्वतःच्या हातावर पाहायचं. आम्ही शेकणं सोडूनच दिलं.

एकदा पाय अचानक फारच ताठला. आम्हांला वाटलं, मालीश चुकली. निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, कुठलीही वेदना यानंही ताठरपणा वाढतो, हे तेव्हा कळलं. अब्बा लाजून लघवीचं सांगत नव्हते.

आमच्या शाळेच्या कपाटात युनानी तिबची एक जुनी उर्दू किताब आहे. तीत 'दलक'वर, म्हणजे मालिशीवर, इब्ने सिनाचा विचार दिला आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये त्यानं मालिशीचे प्रकार सांगितले: जोराची मालीश अंग घट्ट करते, हलकी मालीश सैल करते. वाचून आम्ही गप्प बसलो. त्याच्या नावाचा अभिमान आम्ही जलशात मिरवतो. त्याचं पान उघडायला मात्र अब्बांचा पाय भाजावा लागला.

पण खरी चूक वेगळीच होती. मालीश हाच इलाज, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या मुलीनं सांगितलं, मालिशीनं पाय काही वेळ सैल राहतो, बरंही वाटतं. पण चालणं मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं, आणि ते करूनच येतं. बी.एड.ला आम्ही थॉर्नडाइकचा सरावाचा नियम पाठ केला होता, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. घरात मात्र तीन महिने पाटी पुसत बसलो, अक्षर एकही गिरवून घेतलं नाही. मग मालिशीनंतर लगेच सराव सुरू झाला: खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला धरून उभं राहणं, पायात स्प्लिंट घालून चार पावलं. आणि दुकानातलं मशीन घरी आणून, पट्टा काढून, अब्बांचे दोन्ही पाय पायडलवर ठेवले. उजवा पाय डाव्याला ओढत होता. पायडल रिकामं हलू लागलं तसं अम्मीनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

पाय पहिल्यासारखा झाला नाही. तीन तोंडी गोळ्या झाल्या, बोटॉक्सचं इंजेक्शनही झालं. त्यानं काही महिने फरक पडला. अब्बा आता स्प्लिंट आणि काठीच्या आधारानं जुम्म्याला मशिदीत जातात. खुर्चीवर बसून, इशाऱ्यानं सजदा करतात. शरियतनं ही सवलत दिली आहे, हे त्यांनीच आम्हांला लहानपणी शिकवलं होतं. पण कपाळ जमिनीला लागत नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. त्यावर मालीश नाही.

आमच्या वस्तीत लकव्याचं माणूस घराघरात आहे. त्यांच्या मुलांना आमचं एवढंच सांगणं: तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला की आधी दवाखाना. आणि पुढं पायाला हात लावाल तेव्हा सावकाश.

परवा रात्री आम्ही डावा पाय चोळून उठत होतो. अब्बांनी काठीनं अडवलं आणि उजवा पाय पुढं केला.

"दोनों का काम ये अकेला करता. इसको कौन दबाएगा?"

आम्ही पुन्हा खाली बसलो. थोरल्यानं पोटरी हातात घेतली आणि हळू हात फिरवू लागला.

"इसको जोर से," अब्बा म्हणाले.