लोणारचे पाणी आणि अब्बांचा ट्रिमर

बुलढाण्याहून लोणारला जाताना चिखली लागते, मग मेहकर, मग सुलतानपूर. आमची आपा लोणारला दिलेली. अब्बा पंधरा दिवस तिच्याकडे राहिले होते. त्यांना आणायला गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी आम्ही सगळे गेलो. लोणारला जाऊन सरोवर न पाहता परतायचे हे मुलांना कधीच पटत नाही. म्हणून सकाळीच धारेच्या बाजूने खाली उतरलो.

उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर, रुंदी सुमारे 1.8 किलोमीटर. गंमत अशी की वर धारेचे पाणी गोड आणि तळाचे सरोवर खारे. नुसते खारे नाही, अल्कधर्मीही. सामू 10 च्या आसपास. बोटाला लावले तर साबणासारखे बुळबुळीत लागते. अबुल फझलच्या 'आइने अकबरी'तही या भागात काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते अशी नोंद आहे. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले, ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हे सगळे आम्ही मुलांना उत्साहाने सांगितले. हे अभयारण्य आहे, इथून दगडसुद्धा उचलायचा नाही, हेही सांगितले. आम्ही शिक्षक, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी निघालो. मेहकरला चहासाठी थांबलो तेव्हा अब्बांची पिशवी खालून ओली दिसली. उघडली तर आत टोपी भिजलेली, तस्बीह भिजलेली आणि त्यांचा ट्रिमर पाण्यात पडल्यासारखा निथळत होता.

ट्रिमर तसा बाराशे रुपयांचा. पण अब्बांचे हात आता थरथरतात, न्हाव्याच्या दुकानापर्यंत चालवत नाही. दर जुमेरातला रात्री आमचा मुलगा त्यांच्या मिशा कातरून दाढी नीट करून देतो. आजोबा-नातवाचे हे काम तीन वर्षांपासून चालू आहे, त्यात आम्हालाही जागा नाही.

मुलाचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "पाण्याची बाटली सांडली असेल."

बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचे एक छोटे दुकान उघडे होते. दुकानदार पंचविशीचा असेल, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने पहिला प्रश्न केला, "सर, ओला झाल्यावर चालू करून पाह्यला का? चार्जिंगला लावला?" नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की बारीक तारा आणि टाके गंजायला वेळ लागत नाही, असे त्याने सांगितले. आमच्या सौ. म्हणाल्या, "घरी जाऊन तांदळात ठेवू का?" तो हसला. "मॅडम, तांदूळ शिजवायला ठेवा. त्याची पावडर उलट पिनमध्ये जाते."

त्याने पाते काढले, स्क्रू उघडले, दोन्ही भाग वेगळे केले. आतल्या हिरव्या पट्टीवर पांढुरकी साय धरलेली. तो ती बराच वेळ पाहत राहिला.

"सर, हे साधं पाणी नाही. कोणतं पाणी होतं?"

आम्ही सांगितले, प्यायचे होते. तो काहीच बोलला नाही. नखाने ती साय खरवडून आम्हाला दाखवली. तेव्हा मागून मुलगा पुटपुटला, "सरोवराचं होतं. शाळेत लिटमस लावून बघायचं होतं. बाटली दादांच्या पिशवीत लपवली, झाकण नीट लागलं नाही."

आम्ही काही बोलणार तेवढ्यात अब्बांनी आमच्या हातावर हात ठेवला. दुकानदाराकडे वळून म्हणाले, "बेटा, पानी मालूम हो गया ना? अब आगे देखो."

आणि खरेच, काम त्यानंतरच पुढे सरकले. साधे पाणी असते तर नुसते वाळवून भागले असते. क्षाराचे पाणी वाळले तरी क्षार मागे उरतो, हवेतला ओलावा ओढतो आणि गंज चालूच राहतो. म्हणून अशी वस्तू आधी पुन्हा पाण्यानेच धुवायची! आम्ही दोघे बीएड, पण हे आम्हाला सुचले नसते. त्याने आधी बॅटरीच्या तारा सोडवल्या. मग इन्व्हर्टरमध्ये घालतात ते बॅटरीचे पाणी घेऊन जुन्या टूथब्रशने पट्टी दोनदा धुतली, नंतर आयपीए लावून पुसली. ड्रायरची गरम हवा लावू नका म्हणाला, प्लास्टिक वाकते. पट्टी पंख्यासमोर ठेवून आम्हाला तासाभराने बोलावले.

तेवढ्यात असरची नमाज झाली. कंचनी महालाचे अवशेष बघायचे होते, पण कोणाचे मन नव्हते. पैनगंगेच्या पुलावर थोडे थांबलो. मुलगा अब्बांचा हात धरून उभा होता. काय बोलले ते आम्ही ऐकले नाही.

परत आलो तर बॅटरी मीटरला लावलेली, 3.7 व्होल्ट दाखवत होती. फुगलेली नव्हती. फुगली असती तर टोचायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही, नवीच बसवायची, असे त्याने बजावले. चार्जिंगची पिन मात्र गेली होती, ती बदलली. पात्यावर तेलाचा एक थेंब सोडून त्याने बटण दाबले. आवाज थोडा घोगरा, पण चालू झाला. 150 रुपये घेतले. पहिले काही दिवस चार्जिंग फरशीवर ठेवूनच करा, गादीवर नको आणि रात्रभर तर नकोच, असेही सांगितले.

बाटलीच्या तळाशी घोटभर पाणी उरले होते. मुलगा ते ओतायला निघाला, तर अब्बांनी थांबवले. "अब लिटमस तो लगा ले." सोमवारी वर्गात त्याने लाल लिटमस निळा करून दाखवला आणि पाणी कुठून, कसे आणले हेही सरांना स्वतःच सांगितले. शिक्षा म्हणून सरोवरावर दोन पाने लिहायला मिळाली.

जुमेरातला रात्री अब्बा खांद्यावर टॉवेल टाकून नेहमीच्या खुर्चीत बसले. डोळे मिटून म्हणाले, "जरा संभालके. इसमें अब लोणार है."