डोकं दिसतं, भोक धरतं

रिव्हेट मारलेला जोड हातात आला की माणूस आधी त्याच्या डोक्यावरून बोट फिरवतो. गोल आहे का, मधोमध बसलंय का, गुळगुळीत आहे का, हे पाहतो. पाहण्यासारखं तेवढंच असतं. जोडाला धरून ठेवणारा भाग मात्र त्या डोक्याखाली, दोन पट्ट्यांच्या आत असतो. दांडा फुगून भोकाच्या भिंतीला सगळीकडून भिडला असेल, तर डोकं जरा तिरकं असलं तरी जोड पिढी काढतो. भोक भरलं नसेल, तर डोकं कितीही देखणं असो, जोड आज ना उद्या खुळखुळायला लागतोच. घरच्या वर्कशॉपमध्ये मी पोलादी रिव्हेट मारतो तेव्हा हे न दिसणारं भोक सतत माझ्या मनात असतं.

आमच्या कोल्हापूरकडे हा जोड ठाऊक नाही असं घर सापडणार नाही. गुऱ्हाळावरच्या जुन्या लोखंडी काहिलींचे पत्रे रिव्हेटनंच जोडलेले असत. कढईचे कान, सांडशीचा सांधा, अडकित्त्याची खीळ, विळीचं पातं जिथं फिरतं ती जागा, सगळीकडं हेच काम आहे. वेल्डिंगची दुकानं गल्लोगल्ली झाली आणि मोठमोठ्या बांधकामांत हाय-टेन्साइल बोल्ट आले, तसा रिव्हेट मागं पडला. तरी काही कामं अजून त्याचीच आहेत. जिथं दोन भाग एकमेकांवर फिरायला हवेत, जिथं पाणी दिलेल्या पात्याला वेल्डिंगची आच लावून चालणार नाही, जिथं पत्रा पातळ आणि त्यावर बसणारा भाग जाड आहे, तिथं मी डोळे झाकून रिव्हेट निवडतो.

मध्यंतरी ओळखीच्या एका आचाऱ्यानं जिलेबीची मोठी लोखंडी कढई आणली. तिचा एक कान सैल झाला होता. ‘दादा, वेल्डिंगचे दोन टाके मारून द्या की,’ तो म्हणाला. मी त्याला पत्र्याची जाडी दाखवली. कढई वापरून वापरून झिजलेली, जेमतेम अडीच मिलिमीटर उरलेली. कान चार मिलिमीटरचा. भरल्या कढईचं वजन दर वेळी कानावर येणार, कढई दर वेळी तापणार आणि निवणार. एवढ्या पातळ पत्र्याला टाक्याच्या कडेलाच तडा जायची भीती असते. त्याला थांबायला सांगितलं आणि सहा मिलिमीटरचे रिव्हेट काढले.

आधी जुने रिव्हेट काढायचे. त्यासाठी कानसेनं डोकं सपाट करून, मधोमध सेंटर पंच मारून, दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिलनं डोकं पोखरलं आणि पंचानं दांडा मागं ठोकून काढला. जुनी भोकं लांबट झाली होती, म्हणून कान थोडा सरकवून नवी भोकं पाडली. कान आणि पत्रा क्लॅम्पनं एकत्र आवळून दोन्हींतून एकदमच ड्रिल घातलं, कारण वेगवेगळी पाडलेली भोकं केसभर जरी चुकली तरी दांडा आत वाकडा होतो आणि तो वाकडेपणा बाहेरून कधी कळत नाही. सहाच्या थंड रिव्हेटला भोक फार तर दोन दशांश मिलिमीटर मोठं ठेवतो. भोकाच्या मध्यापासून कानाच्या कडेपर्यंतचं अंतर व्यासाच्या दीडपट तरी हवं, नाहीतर फुगणारा दांडा कडाच फाडतो. दोन रिव्हेटमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर सोडतो.

भोक पाडलं की दोन्ही भाग सुटे करून आतल्या बाजूची बर्र, म्हणजे ड्रिलनं उठलेली धारदार कड, काढायची. घाईत नेमकं हेच राहून जातं. पट्ट्यांच्या मधे कागदाएवढी फट राहिली तरी ठोकताना दांडा त्या फटीत फुगतो आणि तिथं एक बारीक कॉलर तयार होते. मग ती कॉलरच दोन्ही पट्ट्यांना कायमची दूर धरून ठेवते. वरून कितीही घाव घाला, फट मिटत नाही. म्हणून बर्र काढून झाली की मधोमध भोक पाडलेला जाड बारचा एक तुकडा दांड्यावर घालतो आणि त्यावर हातोडी मारून कान पत्र्यावर पक्का बसवून घेतो. त्यानंतरच रिव्हेट ठोकायला घ्यायचा.

लांबीचा हिशेब सोपा आहे, पण तो अंदाजावर सोडायचा नाही. इथं पत्रा आणि कान मिळून साडेसहा मिलिमीटर जाडी झाली. गोल डोक्यासाठी व्यासाच्या सव्वा ते दीडपट दांडा बाहेर हवा. मी आठ मिलिमीटर ठेवला. म्हणजे दांडा साडेचौदाचा. हॅकसॉनं कापून टोक कानसेनं काटकोनात आणलं. तिरकं कापलेलं टोक पहिल्याच घावाला एका बाजूला झुकतं. दांडा लांब राहिला तर तो भोकात फुगण्याआधी बाहेरच लवतो. आखूड राहिला तर डोक्यापुरतं लोखंड पुरत नाही आणि स्नॅपची, म्हणजे डोक्याला गोल रूप देणाऱ्या साच्याची, कड कानावर चंद्रकोरीसारखी खूण उठवते.

आता आधार. रिव्हेटचं तयार डोकं कढईच्या आतल्या बाजूला ठेवलं, म्हणजे झारा अडकणार नाही. व्हाइसमध्ये एक जाड गोल बार उभा आवळला. त्याच्या माथ्यावर डोक्याच्या मापाची वाटी कोरलेली आहे. हीच माझी डॉली. कढई तिच्यावर पालथी घातली आणि डोकं वाटीत बसलं. आधार जितका वजनदार आणि स्थिर, तितका घाव रिव्हेटमध्ये जातो. आधार हलला, तर ठोकणाऱ्याची निम्मी ताकद त्याला हलवण्यातच जाते. व्हाइस लाकडी टेबलाच्या मधे न बसवता पायाच्या बरोबर वर बसवायचं कारणही हेच.

पहिले दोन-तीन घाव सपाट तोंडानं, सरळ आणि जोरात. या घावांनी दांडा भोकात फुगतो. हलक्या हातानं टकटक करत बसलं तर फक्त टोकाची कड छत्रीसारखी पसरते आणि आतला दांडा होता तसाच राहतो. शिवाय थंड पोलाद घाव खाऊन कडक होत जातं. बारीक घावांत त्याचा मऊपणा आधीच संपला, तर डोकं होण्यापूर्वी कडेला चिरा पडतात. म्हणून हातोडी वजनदार घ्यावी आणि घाव मोजके घालावेत. दांडा फुगला की आवाज बदलतो. सुरुवातीचा पोकळ, थरथरता आवाज जाऊन ऐरणीवर मारल्यासारखा टणक आवाज येतो. भोक भरल्याची बाहेरून मिळणारी पहिली खूण तीच. मग बॉलपीन हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं फिरत डोकं आकाराला आणायचं आणि शेवटी स्नॅप ठेवून दोन घाव. स्नॅपनं फक्त रूप येतं. ताकद त्याआधीच आलेली असते.

थंड मारायचा रिव्हेट मऊच हवा. साध्या एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार वापरायचा असेल तर मी तो लाल करून राखेत गाडतो आणि सावकाश निवू देतो. जस्त चढवलेला खिळा किंवा बार मात्र आगीत घालायचा नाही, त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो. ठोकताना चष्मा लावायचा, यालाही अपवाद नाही.

सहा मिलिमीटरपर्यंत मी थंडच मारतो. आठच्या पुढं तापवून. तापलेल्या रिव्हेटचं शास्त्र थोडं वेगळं आहे. पोलादाची एक मिलिमीटर लांबी एका अंशाला साधारण बारा दशलक्षांश मिलिमीटरनं बदलते. वीस मिलिमीटर जाडीच्या जोडात रिव्हेट सातशे अंशांनी निवला, तर मोकळा असता तर तो जवळजवळ १७ शतांश मिलिमीटर आखडला असता. दोन्ही डोकी त्याला आखडू देत नाहीत, म्हणून तो ताणला जातो आणि पट्ट्यांना एकमेकींवर आवळून धरतो. निवताना तो जाडीलाही किंचित कमी होतो, त्यामुळं भोकात बारीक मोकळीक उरते. असा जोड मुख्यतः आवळण्यावर आणि पट्ट्यांमधल्या घर्षणावर चालतो, तर थंड मारलेला भोक भरण्यावर. आपण कोणता जोड करतोय हे आधी ठरवलं, की भोक किती सैल ठेवायचं तेही ठरतं.

तापवून मारताना एक गोष्ट टाळायची. रिव्हेट अर्धवट निवलेला, साधारण दोनशे ते साडेतीनशे अंशांच्या दरम्यान असताना ठोकायचा नाही. घासलेल्या पोलादावर निळसर झाक येते तेव्हाची ही अवस्था. त्यात मऊ पोलादही ठिसूळ वागतं. बारीक रिव्हेट थंड पट्टीला टेकताच काही क्षणांत तिथवर येतो, म्हणून घरी एकट्यानं तापवून मारताना सगळी हत्यारं हाताशी मांडूनच भट्टीकडं जायचं. मोठ्या कामांत मात्र यासाठी टोळीच असे. आयफेल टॉवर १८८९ मध्ये उभा राहिला. त्याच्या २५ लाख रिव्हेटमधला एकेक मारायला चार माणसं लागत: एक तापवणारा, एक धरणारा, एक डोकं घडवणारा, एक घण घालणारा. १९४३ साली खुला झालेला हावड्याचा पूलही रिव्हेटवरच उभा आहे. ही कामं मोठ्या फौजांची होती, तरी प्रत्येक रिव्हेटला मिळणारी सेकंदं मोजकीच असत.

सांडशीसारखा फिरता सांधा असेल तर मी रिव्हेट आधी पूर्ण घट्ट मारतो, मग सांधा लाल करून दांडे उघडझाप करत निवू देतो. मुद्दाम सैल सोडलेला रिव्हेट पुढं आणखीच सैल होतो. घट्ट मारून मोकळा केलेला सांधा गुळगुळीत फिरतो.

तपासणीची रीत रेल्वेच्या पुलांवर वापरतात तीच. बोट असं ठेवायचं की ते डोक्याला आणि पट्टीला एकाच वेळी टेकेल, आणि डोक्याच्या समोरच्या बाजूनं हलकी हातोडी मारायची. रिव्हेट सैल असेल तर बोटाला हालचाल कळते. डोक्याभोवती गंजाची तांबूस रेघ उतरलेली दिसली, तरी आत काहीतरी हलतंय असं समजावं. कढईच्या नव्या रिव्हेटना मी असंच तपासलं आणि आचाऱ्यालाही करायला लावलं. भरलेली कढई उचलणारे हात त्याचे आहेत. कान कधी सैल होतोय हे त्याला स्वतःला कळायला हवं.

ज्याला हे शिकायचंय त्यानं पहिला रिव्हेट कढईत मारू नये. दोन पट्ट्या घ्याव्यात, त्यांत एक रिव्हेट मारावा आणि मग तो हॅकसॉनं मधोमध उभा चिरावा. कापलेली बाजू कानसेनं सपाट करून पॉलिश पेपरनं घासावी. दांडा आणि भोक यांच्या मधे काळी रेघ दिसते का, पट्ट्यांच्या फटीत कॉलर झाली का, दांडा वाकला का, हे सगळं तिथं उघड दिसतं. रेघ दिसली तर पुढच्या वेळी भोक आणखी नेमकं पाडावं आणि पहिले घाव जड घालावेत. चार-पाच रिव्हेट असे चिरून पाहिले की हातोडीचा प्रत्येक आवाज आत काय झालं ते सांगू लागतो, आणि त्यानंतरच दुसऱ्याच्या घरची वस्तू हातात घ्यावी.