लडाख कॅरिअरवरचा कॅन

उंची माणसाच्या गुडघ्याएवढीही नाही. अंगानं चपटा, रंगानं लष्करी हिरवा, वर धरायला मूठ, आणि दोन्ही कुशींवर ठसठशीत उठलेली फुली. मुठीजवळचा रंग हात लागून लागून उडालेला. पाच लिटरचा हा पत्र्याचा कॅन वर्षातला बराच काळ मुलुंडमधल्या एका जुन्या इमारतीत, माळ्यावर, रिकामा आणि उघड्या झाकणानं बसून असतो. जून उजाडला की कुणीतरी स्टुलावर चढून त्याला खाली काढतं, रॉकेलनं आतून खळबळून घेतं, उन्हात वाळवतं. मग तो बुलेटच्या मागच्या लोखंडी सांगाड्यात जाऊन बसतो. या सांगाड्याला सगळीकडे ‘लडाख कॅरिअर’ म्हणतात, मग गाडी लडाखला जावो वा न जावो. कॅनची जागा ठरलेली आहे. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे, म्हणून पेट्रोल डावीकडे. उजव्या अंगाला पाण्याचा निळा कॅन. या दोघांची जागा आणि रंग कधीही बदलायचा नाही, कारण अंधारात, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी झाकण उघडताना डोकं चालेलच असं नाही.

उपनगरात त्याला काम नाही. घाटकोपरहून लालबहादूर शास्त्री मार्गानं मुलुंडकडे निघालं तर पंक्चरवाला, ऑइलवाला, वेल्डिंगवाला, केबल बदलणारा पोरगा, सगळे हाकेच्या अंतरावर. अंधेरीत गाडी रिझर्व्हवर आली तरी पुढच्या पंपापर्यंत ती जातेच, नाही गेली तर ढकलत नेता येते. इथल्या माणसाला ‘संपलं’ या शब्दाची भीती वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. म्हणूनच अलिबागला किंवा माळशेजला जाताना भरलेला कॅन मिरवत नेणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. कोकणात, देशावर, अगदी मेळघाटाच्या वाटेवरही टाकी भरून निघालं आणि पुढचा पंप कुठे आहे हे आधी विचारून घेतलं तर या गृहस्थाला घरीच राहू द्यावं. गरज नसताना बाळगलेलं पाच लिटर पेट्रोल म्हणजे सोबत नेलेली आग आहे.

त्याची खरी ओळख पटते ती मनालीच्या पुढे, लेहच्या रस्त्यावर. चंद्रा आणि भागा या नद्या जिथे मिळतात त्या टांडीला इंडियन ऑइलचा पंप आहे, आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी तिथली पाटी वर्षानुवर्षं मोटारसायकलवाल्यांच्या फोटोंत दिसत आली आहे. २०२० साली अटल बोगदा झाला, रोहतांगचा वळसा वाचला, पण टांडीनंतरचा ओसाडपणा तसाच. आता हिशेब करा. बुलेटच्याच घरातल्या क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. लिटरला ३० किलोमीटर धरले तर ३९० होतात, म्हणजे कागदावर कॅनची गरजच नाही. पण हा हिशेब सपाट डांबरी रस्त्याचा. बारालाचा खिंड चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी, हिमनाल्यातल्या दगडांतून सावरत काढलेली गाडी, पांगच्या अलीकडे धुळीत रुतलेली गाडी, मागे बसलेलं माणूस आणि सामान यांना तो आकडा ठाऊक नसतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना तर विरळ हवेत पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते. त्या काळा धूर सोडत पितात. कागदावरचे ३९० रस्त्यावर ३०० होतात, आणि मधली दरी कॅन भरून काढतो. पाच लिटर, साधारण पावणेचार किलो वजन, शंभरेक किलोमीटरचा दिलासा. त्याहून जास्त न्यायचंही कारण नाही.

त्याचं घराणं मोठं आहे. १९३७ साली जर्मनीतल्या श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्यात, ग्र्यूनफोगेल नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली, सैन्यासाठी २० लिटरचा कॅन घडला. आमचा कॅन त्याच वंशातला, फक्त ठेंगणा. मूळ पुरुषाला तीन मुठी होत्या: भरलेला असेल तर दोघांनी बाहेरच्या मुठी धरून उचलायचा, रिकामे असतील तर एकाच माणसानं एका हातात दोन न्यायचे. कुशीवरची फुली नक्षी नाही. तिच्यामुळे पत्र्याला ताकद येते आणि आतलं पेट्रोल तापून फुगलं तर पत्र्याला थोडं पसरता येतं. तोंडापाशी हवेची पोकळी राखलेली, त्यामुळे भरलेला कॅनही पाण्यावर तरंगतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळून गळून पेट्रोल वाया जात होतं. तेव्हा त्यांनी शत्रूकडून हाती लागलेले हे कॅन वापरले आणि मग त्यांचीच नक्कल केली. लेहच्या रस्त्यावर लष्करी ट्रकच्या बाजूला त्याचे थोरले भाऊ अजून रांगेत बसलेले दिसतात.

स्वभावानं तो शांत, पण अटी मात्र कडक. पहिली अट धातूची. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं. पण ठेवायचं ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच-चिनीमातीला मर्यादा एक लिटरची, धातूला २५ लिटरची. प्लास्टिकचं त्यात नावही नाही. असं असताना थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून ती बॅगेला रबरानं बांधलेली मुलं दर मोसमात दिसतात, आणि पाहून जीव घाबरा होतो. बाटली मऊ पडते, झाकणातून वास येतो, खाली सायलेन्सर तापलेला. घरी आई वाट पाहत असते रे, असं त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, आणि मी सांगतेही.

दुसरी अट मोकळ्या जागेची. त्याला गळ्यापर्यंत भरलेलं चालत नाही. पेट्रोलचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर पाच लिटरचे सुमारे दीडशे मिलिलिटर जास्त होतात. सरचूची गोठलेली पहाट आणि दुपारचं रणरणतं ऊन यांत एवढा फरक सहज पडतो. शिवाय १७ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. खाली बंद केलेलं झाकण वर उघडलं की तो जोरानं फुस्स करतो. म्हणून झाकण हळू, अर्धी फेरी, थांबून, मग पूर्ण. इंजिन थंड झाल्यावर आणि विडी-सिगारेटवाल्यांना लांब पाठवून. भरतानाही त्याला जमिनीवर ठेवायचा, गाडीवर टांगलेला असताना भरायचा नाही, कारण स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

तिसरी अट रेल्वेची. आपल्याकडचे कितीतरी जण वांद्रे टर्मिनसवरून गाडी पार्सलनं दिल्ली-अमृतसरकडे पाठवतात. तिथे टाकी रिकामी करावी लागते, आणि कॅननंही कोरडाच प्रवास करायचा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमात ज्वालाग्राही वस्तू नेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ते कलम नसतं तरी शेकडो माणसांच्या गाडीत पेट्रोल नेण्याचा विचारही मनाला शिवू नये. आणि शेवटची अट अशी की परत आल्यावर उरलेलं पेट्रोल ताबडतोब टाकीत ओतून संपवायचं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात भरून ठेवलेला कॅन आतून गंजतो, आणि तो गंज पुढच्या जूनमध्ये इंजिनात उतरतो.

त्याचे सोबतीही तसेच. कॅरिअरवरच्या पिशवीत इंजिन ऑइलची एक लिटरची बाटली असते, मोटारसायकलचंच ऑइल, डब्यावर ‘जासो एमए२’ लिहिलेलं. कारचं ऑइल घातलं तर ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरायला लागतो आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं. ब्रेक ऑइलची छोटी बाटली सील न तोडलेली. डॉट ४ प्रकारचं हे ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा प्यायल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. मग लांब उतारावर ब्रेक दाबला की पाय नुसता खाली जातो. उघडून ठेवलेली अर्धी बाटली म्हणूनच सोबत नेण्यात अर्थ नाही. रेडिएटरवाल्या गाडीसाठी डिस्टिल्ड वॉटर. दुसरी क्लच केबल तर पिशवीतही नसते. चालू केबलच्या शेजारून आधीच ओढून बांधलेली असते, तुटली की फक्त टोकं बदलायची. त्याशिवाय ट्यूब, हवेचा पंप, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची कडी, एम-सील आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. टाकीला बारीक भोक पडलं तर साबण घासून बुजवायचं हे ट्रकवाल्यांनी शिकवलेलं शहाणपण. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. प्रथमोपचाराची पिशवी सगळ्यात वर, एका चेनमध्ये हाती येईल अशी: रुंद बँडेज, निर्जंतुक गॉज, जलसंजीवनीची पाकिटं, डॉक्टरांना विचारून घेतलेल्या, उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या. ती तळाशी ठेवणाऱ्यानं ती घेतलीच नाही असं समजावं.

कॅरिअरवरची ही पिशवी, कॅनसारखी, उपनगरात बेकार बसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर लोक घाईघाईनं किका मारत होते. बुडालेल्या गाडीचं ऑइल दुधाळ झालेलं असतं. ते काढून, इंजिन धुऊन, नवं घालायच्या आधी किक मारली तर बेअरिंग खलास. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत गॅरेजांसमोर रांगा लागल्या होत्या. असल्या दिवसांत घरात ऑइलची एक जादा बाटली आणि प्लगचा पाना असलेला शेजारी देवमाणूस ठरतो. अजूनही दर पावसाळ्यात सब-वे भरले की आमच्या पिशवीला हाका येतात.

आणि रस्त्यावरचं सांगायचं तर, या कॅनमधलं पेट्रोल ज्याच्या गाडीवर तो असतो त्याला क्वचितच लागतं. हिशेब करून निघालेल्या माणसाची टाकी सहसा पुरते. ते लागतं बिनहिशेबी निघालेल्याला, गाडी थांबवून हात जोडणाऱ्या ड्रायव्हरला, टाकीला दगड लागलेल्या बंगाली पोराला. मोअर मैदानावर गाडी कडेला लावून उभा असलेला माणूस दिसला की थांबायचं, ‘काय झालं?’ विचारायचं, पत्र्याचं नरसाळं काढायचं. लिटरभर दिलं की पुढच्या वस्तीपर्यंत तो पोचतो. पैसे घ्यायचे नाहीत, असा आमच्या मोटारसायकलवाल्यांत रिवाज आहे. फारच आग्रह झाला तर पांगच्या तंबूत चहा. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नळीनं घ्यायची वेळ आली तर तोंडानं मात्र कधीच ओढू नये, पेट्रोल थोडं जरी फुप्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होऊ शकतो. दाबायचा रबरी पंप दीड-दोनशे रुपयांचा मिळतो आणि तो कॅनच्याच पट्ट्यात खोचून ठेवलेला असतो.

तो मुळात कुणी विकत घेतला होता हे आता नक्की सांगता येत नाही. मुलुंडच्या माळ्यावर त्याचा मुक्काम असला तरी घाटकोपर, भांडुप, अंधेरी, सगळीकडे त्याचा राबता. जो उत्तरेला निघतो तो आधी फोन करतो, ‘कॅन मोकळा आहे का?’ यंदा तो बोरिवलीच्या एका मास्तरांसोबत स्पितीला निघालाय. काझात पंप आहे, पण टँकर उशिरा आला तर काय, म्हणून त्यांनी मागून घेतला. झाकणातलं रबरी वॉशर कडक झालंय, आडवा धरला की कड ओली होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळेल. पेट्रोलला टिकणारं नायट्राइलचंच मागा, साधं रबर फुगतं, असं त्यांना बजावून दिलंय. शनिवारी जाऊन आणतो म्हणालेत.