फोटोच्या पाठीवरची पेन्सिल

वाफेच्या इंजिनांचे जुने फोटो जपायचे कशासाठी? इंजिनं तर संग्रहालयात आहेतच, असं कुणी म्हणेल. पण संग्रहालयातलं इंजिन रंगवलेलं, थंडगार. त्याच्याभोवतीचं काम तिथे दिसत नाही. १८६३मध्ये भोर घाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा चढण पार व्हावी म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेने वर जाई. १९२९मध्ये नवा मार्ग आला आणि ते बंद झालं. आज ती रचना समजून घ्यायची तर नकाशाच्या जोडीला जुने फोटोच लागतात. शिवाय कोळशाने माखलेला फायरमन, त्याच्या हातातलं फावडं; त्याच्या घामाची दखल दुसरीकडे कुठे घेतलीय?

‘एकदा स्कॅन केलं की झालं’ हेही मला पटत नाही. स्कॅनमध्ये बहुधा पुढचीच बाजू येते. पाठीवर पेन्सिलने लिहिलेलं स्टेशन, तारीख, इंजिनाचा नंबर तसाच राहून जातो, आणि फोटो पुरावा ठरतो तो त्या मजकुरामुळे. मूळ वस्तू जपणं मात्र सोपं नाही. ॲसिटेट फिल्मच्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती आक्रसायला लागते. तिला गारव्यात, इतरांपासून वेगळं ठेवावं लागतं. हे खर्चिक आहे, कबूल. म्हणून निवड करायचीच झाली, तर देखण्या पण निनावी फोटोआधी मी मागे नोंद असलेला धूसर फोटो वाचवीन.